'कट्यारी'चे पुनरागमन : नाट्यसंगीताच्या पुनरुज्जीवनाची मीमांसा

जुने संगीत नव्या श्रोत्यांपुढे मांडावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. मूळ गायकाची हरकत न् हरकत जशीच्या तशी वठविणे, हे एक. आणि त्या गायनामागील विचार आत्मसात करून तो आपल्या काळात पुढे चालविणे, हे दुसरे. पहिल्यास अनुकरण म्हणावे, दुसऱ्यास परंपरा. व्यवहारात मात्र या दोहोंची सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नसते. ती कोठे पडते हे पाहण्यास 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाच्या पुनरुज्जीवनाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. विदर्भातील अभ्यासकास तर ते विशेष जवळचे आहे. कारण नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे, आणि खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) मूर्तिजापुरास जन्मून नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशी शिकलेले.

हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी बालगंधर्वांचे निधन झाले, हा योगायोग लक्षणीय होय. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने जो प्रवाह सुरू झाला, तो बोलपटाच्या आगमनानंतर क्षीण झाला होता. म्हणजे १९६७ चे 'कट्यार' हाच मुळी एक पुनरुज्जीवनाचा प्रयोग होता. संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांनी जुन्या चाली उसन्या घेतल्या नाहीत. राग आणि गायकी परंपरेची ठेवून पदांची बांधणी त्यांनी नवी केली.

या बांधणीचे मर्म एका पदावरून ध्यानी येते. 'घेई छंद' हे पद नाटकात दोन चालींत येते : एक धानी रागात, दुसरी सालगवराळीत. शब्द तेच, परंतु पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन या दोन घराण्यांच्या प्रकृतींतील भेद चालीच्या द्वारे श्रोत्याच्या कानी पडतो. येथे संगीत कथेस अलंकार म्हणून जोडलेले नाही. ते कथेचा विषयच आहे. सदाशिव हा पंडितजींचा शिष्य प्रतिस्पर्ध्याच्या घरी ओळख लपवून राहतो आणि कानांवर पडेल तेवढी विद्या वेचतो. गुरूने न दिलेली, केवळ ऐकून मिळविलेली विद्या ही खरी विद्या ठरते काय, हा नाटकाचा प्रश्न आहे.

नेमका हाच प्रश्न पुढील पिढीतील कलावंतांपुढे उभा राहिला. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले. त्यात खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी, आणि सदाशिवाची महेश काळे यांनी केली. काळे यांना अभिषेकींची प्रत्यक्ष तालीम लाभली होती. राहुल देशपांडे यांचा जन्म मात्र १९७९ चा. आजोबा निवर्तले तेव्हा ते अवघे तीन-चार वर्षांचे होते. आजोबांची गायकी त्यांना मुख्यतः ध्वनिमुद्रणांतूनच अभ्यासावी लागली. एकाच रंगमंचावर याप्रमाणे परंपरेचे दोन मार्ग, समोर बसून घेतलेली तालीम आणि मुद्रित स्वराचे श्रवण, एकत्र आले.

ध्वनिमुद्रणाचा मार्ग धोक्याचा असतो. मुद्रित तान प्रत्येक वेळी तीच राहते. परंतु वसंतराव तीच तान तशीच पुन्हा घेत नसत. एकाच घराण्याची चौकट त्यांनी मानली नाही. अनेक गुरूंकडून घेतलेले आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गायनातून उचललेले त्यांनी स्वतःच्या रीतीने एकजीव केले. अशा गायकाची हुबेहूब नक्कल करणे म्हणजे त्याच्या वृत्तीविरुद्ध वागणे होय.

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी या नाटकावरील चित्रपट प्रदर्शित झाला. अभिषेकींच्या पदांसमवेत शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या रचना केल्या. जुन्या रसिकांचा आक्षेप असा, की चित्रपटाच्या मोजक्या वेळात पदाचा विस्तार आकसतो, आणि वाद्यमेळाच्या भरात गायकाच्या मोकळ्या विहारास वाव उरत नाही. आक्षेप निराधार नाही. रंगमंचावर श्रोत्यांच्या दादेनुसार पद वाढते. पडद्यावर ते कायमचे ठरून जाते. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कन्हानकाठच्या खाप्यासारख्या गावी संगीत नाटकाच्या पूर्ण संचाचा प्रयोग नेणे खर्चाच्या दृष्टीने दुष्कर. चित्रपट मात्र तेथील श्रोत्यापर्यंत सहज पोहोचतो. शिवाय महेश काळे यांना या चित्रपटासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अरुणि किरणी' या नव्या रचनेबद्दल, जुन्या पदाबद्दल नव्हे.

या शेवटच्या गोष्टीत विवेचनाचे सार आहे. पुनरुज्जीवन यशस्वी झाले की नाही, हे जुनी पदे किती वेळा गायिली गेली यावरून ठरत नाही. त्या पदांच्या संस्कारातून नवे पद निर्माण झाले काय, आणि चित्रपट ऐकून आलेला श्रोता पुढे मैफलीत स्थिर बसू लागला काय, या दोन कसोट्यांवर ते पारखावे लागते. पहिल्या कसोटीस 'कट्यार' बऱ्याच अंशी उतरले आहे. दुसरीचे उत्तर मोठ्या शहरांतील नाट्यगृहांपेक्षा खाप्यासारख्या गावांतील श्रोतृवर्गाच्या प्रत्यक्ष पाहणीतूनच मिळू शकेल. आणि संगीताच्या अभ्यासकास ते क्षेत्र खुले आहे.