तीन भट आणि एक अच्युतन

कोचीतल्या मट्टांचेरीला गेलेला मराठी माणूस सिनेगॉगातल्या निळ्या चिनी फरशा पाहतो, ज्यू टाउनमध्ये मिरी-वेलची घेतो आणि परततो. माझं कुतूहल मात्र या वस्तीभोवती वर्षानुवर्षं घुटमळत राहिलं ते एका पानामुळे. १६७८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेला लॅटिन ग्रंथ, आणि त्यात चक्क नागरी मजकूर! तारीख २० एप्रिल १६७५. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीचे तीन कोकणी वैद्य त्यात साक्ष देतात की, दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ आम्ही या कामात होतो.

काम होतं ‘होर्तुस मलबारिकुस’चं. बारा खंड, सातशेहून अधिक वनस्पती. करविता डच कंपनीचा मलबारमधला कमांडर हेंड्रिक व्हान रेडे. युरोपातून जहाजानं येणारी औषधं शिळी आणि महाग पडत. इथल्या पाल्या-मुळ्यांवर भागलं तर कंपनीचा पैसा वाचणार होता. शिवाय सिलोनचा कैवार घेणाऱ्या रेइक्लोफ व्हान खुन्सला मलबारचं मोल दाखवून द्यायचं होतंच. ज्ञानपिपासा होती, पण तिला हिशेबाची आणि हेव्याची फोडणी होती.

हे काम कोचीतच का जमलं? पोर्तुगीज १६६३ साली गेले, डच आले, १७९५ला इंग्रज. ही सनावळी वाचकांना ठाऊक आहे. महत्त्वाचं हे की, गोव्यातल्या धर्मांतराच्या जाचातून निघालेले कोकणी, पोर्तुगीजांनी जाळलेलं सिनेगॉग डचांच्या काळात पुन्हा उभारणारे ज्यू आणि पोर्तुगीज बोलणारे मिश्रवंशीय दुभाषे एकाच खाडीकाठी हाताशी होते. मजकूर मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये न्यायला इमॅन्युएल कार्नेरो होता; पुढे त्याचं लॅटिन झालं. चित्रांवर वनस्पतींची नावं रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत कोरली गेली.

या मिश्र वस्तीचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. माणसं शेजारी राहत, पण भिंती शाबूत ठेवून. त्याच परदेशी सिनेगॉगात दास्यमुक्तांच्या वंशजांना बरोबरीचं स्थान नव्हतं. विसाव्या शतकात वकील ए. बी. सालेम यांना त्यासाठी सत्याग्रहाचा मार्ग धरावा लागला. कोकण्यांनाही राजाश्रय कायमचा लाभला नाही. १७९१ साली कोचीचा राजा शक्तन तंपुरान यानं त्यांच्यावर हत्यार उपसलं, त्यांचं चेरलाईचं तिरुमल देवस्थान लुटलं गेलं. देव आलप्पुळाला नेला, तो १८५३मध्ये परतला.

आणि भिंत त्या ग्रंथातही आहे. पहिल्या खंडात तीन भटांच्या साक्षीबरोबर आणखी एक साक्ष आहे, कोलेळुत्तू लिपीतली. ती इट्टी अच्युतनची. हा चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळीचा ईळव वैद्य, म्हणजे त्या काळच्या उतरंडीत भटांनी ज्याची सावलीही टाळावी असा. श्रेय कुणाचं, यावर अभ्यासकांत अजून धुसफूस चालते. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी ईळवांच्या परंपरेला मध्यभागी ठेवलं. कोकणी अभिमान्यांना ते रुचलेलं नाही.

माझा कौल ग्रोव्ह यांच्या बाजूला झुकतो. व्हान रेडेनं वर्णिलेले ब्राह्मण झाडांची माहिती श्लोकांतून सांगतात. वाद घालतानाचा त्यांचा संयम पाहून तो थक्कही झाला. अच्युतनची साक्ष वेगळी आहे. तो घरच्या वैद्यकीची, पिढीजात ग्रंथाची आणि स्वतःच्या अनुभवाची ग्वाही देतो, आणि झाडं, वेली, त्यांची औषधं आपण कार्नेरोला सांगितली असं नोंदवतो. भटांचं मोल त्यामुळे कमी होत नाही. पण नागरी पान आपल्याला वाचता येतं, म्हणून त्यालाच ग्रंथाचा उगम मानण्याचा मोह आवरायला हवा. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षं खर्चून केलेला इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठानं २००३मध्ये काढला, मलयाळम २००८मध्ये. अच्युतनची भाषा पुस्तकात परतायला ३३० वर्षं लागली.