मोटारसायकलवर पायांत काय घालावे?

मंडळाच्या कार्यक्रमाला येताना आपण हेल्मेट आठवणीने घालतो, पायांत मात्र चप्पलच! गेल्या पावसाळ्यात राजवाड्याजवळ सिग्नलला पाय टेकवताना आमची चप्पल सटकली, गाडी उजवीकडे कलंडली आणि तापलेल्या सायलेन्सरने घोटा भाजला. तेव्हापासून आम्ही बूट पारखूनच घेतो. घोटा झाकणारा, टाचेला कडक, तळ रबरी आणि खाचांचा. चामडी तळ ओल्या रस्त्यावर घसरतो. नाडीची टोके आत खोचावीत. ती गिअरच्या पेडलमध्ये अडकली तर पाय वेळेवर खाली येत नाही. पुढून बूट फार जाडही नको, पेडलखाली शिरला पाहिजे. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. सभागृहात बूट नकोसे वाटतात हे खरे. आम्ही चपला पिशवीत घालून आणतो.