ड्राक्मा छापून ग्रीस सुटला असता का?

युरोपच्या अर्थकारणावर कुठेही बोललो की शेवटी कुणीतरी हे म्हणतंच : ‘ग्रीसनं तेव्हाच युरो सोडायला हवा होता. स्वतःच्या नोटा छापल्या असत्या, कर्ज फेडलं असतं, मोकळे झाले असते.’ म्हणणारी माणसं चांगली वाचणारी असतात, म्हणून हे जास्त खटकतं. कोटभर लोकांनी जिवावर बेतलेल्या दिवसांत जे तोलून पाहिलं, ते आपण एका वाक्यात निकालात काढतो.

आधी ग्रीक लोकांचं दुखणं मान्य करू. ग्रीस २००१ मध्ये युरोत गेला, एका युरोला ३४०.७५ ड्राक्मा या दरानं. २००९ च्या अखेरीस सरकारी तुटीचे खरे आकडे बाहेर आले. २०१० पासून एकामागून एक तीन बचाव कर्जं घ्यावी लागली आणि त्यांच्यासोबत पगारकपात, पेन्शनकपात, नवे कर आले. अर्थव्यवस्था जवळजवळ चतुर्थांशानं आक्रसली, बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. पहिल्या बचाव कार्यक्रमात मोठ्या चुका झाल्याचं खुद्द आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २०१३ च्या मूल्यमापनात कबूल केलं. तेव्हा ग्रीक माणसाचा राग खराच होता.

पण त्या रागाचा अर्थ आपण चुकीचा लावतो. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, म्हणजे युरोला नाही म्हणाले, असं सर्रास सांगितलं जातं. मतपत्रिकेवरचा प्रश्न धनकोंच्या अटी स्वीकारायच्या का, एवढाच होता. युरोचा प्रश्न त्यावर नव्हता. तेव्हाचे पंतप्रधान त्सिप्रास यांचा सिरिझा पक्षही काटकसर संपवण्याचं वचन देऊन निवडून आला होता. ड्राक्मा परत आणण्याचं वचन त्यानं दिलं नव्हतं. त्या काळातल्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक युरोत राहण्याच्याच बाजूचे होते. सार्वमतानंतर आठवडाभरात सरकारनं कठोर अटी मान्य केल्या, त्यामागे हे गणित होतं.

आता ‘नोटा छापा’ या सल्ल्याकडे येऊ. सरकारवरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास १८० टक्के होतं आणि त्यातलं बहुतेक युरोपातल्या सरकारी संस्थांना आणि नाणेनिधीला युरोत फेडायचं होतं. अथेन्सच्या संसदेनं कायदा केला म्हणून ते ड्राक्मात बदललं नसतं. समजा, नव्या ड्राक्माची किंमत निम्म्यावर आली. लोकांची कमाई ड्राक्मात, कर्ज युरोत. म्हणजे तेच कर्ज उत्पन्नाच्या ३६० टक्के दिसू लागलं असतं. धनकोला ड्राक्माच्या कितीही नोटा दिल्या, तरी तो त्यांचे युरो किती होतात तेवढंच मोजणार. त्याचे पैसे बुडवायचे असतील तर ते युरोत राहूनही बुडवता येतात. २०१२ मध्ये ग्रीसच्या खासगी रोखेधारकांनी दर्शनी रकमेतला निम्म्याहून जास्त भाग सोडला, तोही युरोत असतानाच.

दुसरी गोष्ट ठेवींची. चलन बदलणार अशी नुसती कुणकुण लागली की माणूस पहिल्यांदा बँकेतून पैसे काढतो. आजचे हजार युरो उद्या पाचशेच्या किमतीचे होणार असतील तर कोण ते बँकेत ठेवेल? २९ जून २०१५ ला ग्रीसमधल्या बँका बंद ठेवाव्या लागल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो एवढीच मुभा राहिली. देश युरोतच असताना, केवळ धास्तीनं हे झालं. खरोखर बाहेर पडायचं ठरलं असतं तर नव्या नोटा छापून देशभर पोचवायला महिने लागले असते. तोवर परदेशातून येणारं तेल आणि औषधं कशाच्या बळावर घ्यायची, याचं उत्तर सल्ला देणाऱ्यांनी द्यावं.

स्वस्त चलनाचा फायदा मी नाकारत नाही. पर्यटकांना ग्रीस स्वस्त झाला असता, ऑलिव्ह तेलाला गिऱ्हाईक वाढलं असतं. यावर अर्जेंटिनाचा दाखला दिला जातो : २००२ मध्ये त्यांनी पेसोची डॉलरशी बांधलेली गाठ सोडली आणि पुढे ते सावरले. पण अर्जेंटिनात पेसोच्या नोटा आधीपासून चलनात होत्या, ग्रीसकडे एकही चालती ड्राक्मा नव्हती. तिथेही लोकांच्या ठेवी आधी गोठल्या आणि पेसोची जवळपास तीनचतुर्थांश किंमत गेली.

मग चलनसंघ कुणी सोडतच नाही का? सोडतात. एस्टोनियानं जून १९९२ मध्ये रुबल सोडला, कारण महागाईनं रुबलचा पाचोळा होत होता. त्यांनी क्रून आणला आणि तो जर्मन मार्कशी बांधला. त्याच एस्टोनियानं २०११ मध्ये आपणहून युरो घेतला. स्वाभिमान दोन्ही वेळी तोच होता, फक्त कोणत्या पैशात बचत टिकेल याचं उत्तर वेगळं होतं.

काही छोटे गैरसमज थोडक्यात :

‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटननं युरो सोडला.’ ब्रिटननं युरो कधी घेतलाच नव्हता. २०२० मध्ये त्यानं सोडला तो युरोपीय संघ.

‘नकोशा देशाला युरोतून हाकलता येतं.’ करारांत तशी तरतूद नाही. कलम ५० आहे ते स्वेच्छेनं संघ सोडण्याचं.

‘युरो वापरायला संघाचं सदस्य असावं लागतं.’ मॉन्टेनेग्रो आणि कोसोवो सदस्य नसतानाही युरोच वापरतात.

‘चलन विभागलं की हाहाकार ठरलेला.’ चेक आणि स्लोव्हाक यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून चलन शांतपणे वेगळं केलं.

‘ही सगळी युरोपची भानगड, आपला काय संबंध?’ हा गैरसमज मात्र मला मनापासून दूर करायचा आहे. आपला रुपया एकेकाळी आखातात चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक तिथल्यासाठी वेगळ्या नोटा छापायची. जून १९६६ मध्ये भारतानं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. निर्णय दिल्लीचा, पण पुंजी घटली ती तिथल्या व्यापाऱ्याचीही. कतार आणि दुबईनं त्याच वर्षी रुपया सोडला. १९६६ सालचा दुबईतला दुकानदार आणि २०१५ साली अथेन्सच्या एटीएमपुढे उभा असलेला पेन्शनर यांच्यापुढचा प्रश्न एकच होता : माझ्या गाठीला आहे ते उद्या कितीचं राहील? एकाला त्याचं उत्तर सोडण्यात सापडलं, दुसऱ्याला राहण्यात.