‘जोशी ना?’ ‘हो!’

बँकेत पैसे देताना कॅशियरने रक्कम सांगायची नाही, विचारायची, हा जुना शिरस्ता. गिऱ्हाईक पितळी टोकन पुढे करी. चेक समोर असूनही कॅशियर विचारी, “किती?” नवशिक्या पोराने “दोन हजारच ना?” असे विचारले, की आमचे हेडकॅशियर त्याला तिथल्या तिथे झापत. ‘ना?’ला कोणीही ‘हो’ म्हणतो.

औषधाच्या दुकानात मात्र हा ‘ना?’ सर्रास चालतो. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो पाठवायचा आणि संध्याकाळी कोणीतरी जाऊन पिशवी आणायची, ही आता घरोघरची रीत. जातो तो नातू, नाहीतर शेजारी, रुग्ण घरीच. मग समोरचा चेहरा ओळखीचा असून काय उपयोग? औषध कोणाचे, हा खरा प्रश्न.

गेल्या वर्षीची आमच्या सोसायटीतली गोष्ट. दोन जोशीआजी, दोघींचेही आद्याक्षर ‘एस’. एकीला मधुमेह, दुसरीला नुसता रक्तदाब. दुसरीचा नातू दुकानात गेला. “जोशी ना?” “हो.” पिशवी मिळाली. गोळी वेगळी दिसते हे आजींच्या लक्षात आले, पण कंपनी बदलली असेल अशा समजुतीने त्यांनी ती सकाळी घेतली. ती होती ग्लिमेपिराइड, रक्तातली साखर उतरवणारी. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते आहे. सून घरी होती म्हणून निभावले. तिने साखरपाणी पाजले आणि डॉक्टरांकडे नेताना गोळ्यांची पिशवीही सोबत घेतली. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे आजींना रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले. बिलावर लिहिले होते, ‘एस. जोशी’.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मधल्या औषधांसाठी, म्हणजे झोपेच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे यांसाठी, दुकानदाराला वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, किती दिले, सगळे लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. पण ती आहे गैरवापर रोखण्यासाठी. ग्लिमेपिराइड त्या यादीत नाही आणि पिशवी कोणाच्या हाती गेली हे ती वही सांगत नाही.

अमेरिकेत औषध घ्यायला गेलात, तर नावाबरोबर जन्मतारीख विचारतात. आपल्याकडे ते कितपत जमेल? आमच्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म शाळामास्तरांच्या कृपेने १ जूनचा! त्यापेक्षा रुग्णाचे पूर्ण नाव आणि डॉक्टरांचे नाव विचारावे, आणि चिठ्ठी समोर धरून एकेक पाकीट दाखवावे. गर्दीत गिऱ्हाईक चिडते, असे दुकानदार म्हणतात. बँकेतही चिडत असत.

आजींचा नातू आता त्यांचे पूर्ण नाव पाठ करून दुकानात जातो. आधी ते त्याला ठाऊकच नव्हते. तो त्यांना नुसते ‘आजी’ म्हणतो.