गडी जिवंत करणारे

रायगडाच्या पायथ्याशी रोपवे जिथून सुटतो त्या हिरकणीवाडीत जा, जवळच्या पाचाडला जा, नाहीतर खाली महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जा. भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली की कबड्डीचा विषय निघतोच. दिवाळीला मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, देवळाच्या पारावर पोरं जमतात आणि वाद सुरू होतो : सिद्धार्थ देसाई मोठा की रिशांक देवाडिगा? की आता दोघांनाही मागे टाकून अस्लम इनामदार? कोणीतरी मोबाइल काढून गुणांची यादी वाचतो. ज्याचे गुण जास्त तो मोठा, असं म्हणून वाद मिटवायचा प्रयत्न होतो, पण तो मिटत नाही. मिटू नयेच असं मला वाटतं, कारण त्या यादीत कबड्डीतली सगळ्यात मोलाची गोष्ट लिहिलेलीच नसते.

कबड्डीतला गुण हा नुसता गुण नसतो. चढाईपटूने समोरचा एक गडी मारला की फलकावर एक आकडा वाढतो आणि त्याच वेळी बाहेर बसलेला आपला एक गडी उठून मैदानात येतो. जुन्या काळी हा खेळ संजीवनी, गामिनी आणि अमर अशा वेगवेगळ्या पद्धतींनी खेळला जायचा. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राही, फक्त गुण मोजले जात. आजचा खेळ संजीवनीच्या वाटेने आला, म्हणून आजच्या चढाईपटूच्या हातात मारणं आणि जिवंत करणं ही दोन्ही कामं एकाच स्पर्शात असतात.

आता बोनसचा गुण बघा. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, पण त्या गुणाने आपला गडी जिवंत होत नाही. एकाने दहा बोनस घेतले आणि दुसऱ्याने दहा गडी मारले, तर यादीत दोघांच्या नावापुढे दहाच दिसतात. आपले सातही गडी मैदानात असताना मारलेला गडी आणि आपले फक्त दोन उरलेले, लोण डोक्यावर, अशा वेळी मारलेला गडी, यांचीही किंमत यादीत सारखीच. ही यादी पाहून दोन कारकिर्दी तोलणारा माणूस अर्धाच सामना पाहत असतो.

या बाबतीत बास्केटबॉलवाले आपल्या पुढे आहेत. तिथे एक जागा असते पॉइंट गार्डची. चेंडू आपल्या टोकाकडून समोरच्या टोकाकडे नेणं, कोण मोकळा आहे हे हेरणं, कोणती चाल खेळायची ते ठरवणं आणि नेमक्या क्षणी चेंडू त्याच्या हातात देणं हे त्याचं काम. संघात बहुतेक वेळा तोच सगळ्यात बुटका असतो. ज्या पासवरून सहकाऱ्याने थेट बास्केट केली, तो पास देणाऱ्याच्या नावावर ‘असिस्ट’ म्हणून लिहिला जातो. दुसऱ्याला उभं केलं याचीही नोंद राहते. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलला आपल्याकडच्या आयपीएलइतकी गर्दी असते, आणि तिथेही पारावरचा वाद हाच : कॉलेजातला सगळ्यात मोठा पॉइंट गार्ड कोण? असिस्ट मोजूनही तो वाद सुटलेला नाही. का सुटला नाही, ते पाहिलं की आपल्या वादालाही वाट सापडते.

बॉबी हर्ली ड्यूक विद्यापीठाकडून १९८९ ते १९९३ अशी चार वर्षं खेळला. पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला आणि नेवाडा-लास वेगासकडून तब्बल ३० गुणांनी हरला. पुढची दोन वर्षं, १९९१ आणि १९९२, ड्यूकने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि १९९२ च्या अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू हर्लीच ठरला. कॉलेज सोडताना त्याच्या नावावर १,०७६ असिस्ट होते. पुरुषांच्या खेळातला तो विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला. व्यावसायिक लीगमध्ये सॅक्रामेंटोने त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं. पहिला हंगाम जेमतेम सुरू झालेला, डिसेंबर १९९३ मध्ये सामना संपवून घरी जाताना त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. तो जगला आणि पुन्हा खेळलाही, पण पूर्वीचा हर्ली परत आला नाही. पाच हंगामांत व्यावसायिक कारकीर्द आटोपली. नंतर तो प्रशिक्षक झाला.

जॉन स्टॉक्टनचं नेमकं उलट. तो गोंझागा या स्वतःच्या गावातल्याच विद्यापीठात १९८० ते १९८४ शिकला. त्या चार वर्षांत त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकदाही गेला नाही. विजेतेपद दूरच, त्या स्पर्धेतला एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. १९८४ मध्ये यूटाने सोळाव्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं तेव्हा अनेकांना तो कोण हेच ठाऊक नव्हतं. मग तो १९ हंगाम एकाच संघाकडून खेळला, सगळे मिळून फक्त २२ सामने चुकवले आणि १५,८०६ असिस्ट करून थांबला. लीगच्या इतिहासात दुसरा कोणी त्या आकड्याच्या जवळपासही नाही.

कॉलेजपुरतं बोलायचं तर हर्ली मोठा, याविषयी मला शंका नाही. नंतर काय झालं ते त्या चार वर्षांत मिसळणं हा अन्याय आहे. अपघाताने माणसाचं पुढचं आयुष्य हिरावलं म्हणून त्याचं आधीचं काम लहान होत नाही. आपल्याकडे गुडघा गेलेल्या खेळाडूंबद्दल लोक ‘गेला बिचारा वाया’ म्हणतात, तेव्हा मला हर्ली आठवतो. खेळलेला काळ वाया जात नाही, तो खेळून झालेला असतो.

नियम बदलले की तुलना आणखी अवघड होते. पीट मॅराविच लुइझियाना स्टेटकडून १९६७ ते १९७० खेळला आणि त्याने ८३ सामन्यांत ३,६६७ गुण केले, सामन्यामागे ४४.२. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून त्याला तीनच वर्षं मिळाली. तीन गुणांची रेषाही तेव्हा आखलेली नव्हती. मार्च २०२४ मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने तो आकडा ओलांडला आणि ३,९५१ वर कॉलेज संपवलं. तिला चार वर्षं मिळाली, सामने १३९ मिळाले, लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळाले. म्हणून क्लार्क लहान ठरते का? मुळीच नाही. मॅराविचचा संघ एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत गेला नाही. क्लार्कने आपला संघ २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यात नेला. दोन्ही हरली, पण तिचे १,१४४ असिस्ट सांगतात की समोरच्या दोघी-तिघी तिच्या अंगावर धावल्या की तिचे डोळे मोकळी झालेली मैत्रीण शोधत असायचे. गुणांसाठी तिचं नाव झालं. मला तिचे पास जास्त आवडतात.

मुलींच्या खेळात आणखी एक जुनी जखम आहे. अमेरिकेतल्या मुख्य क्रीडासंस्थेने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली ती १९८१-८२ च्या हंगामात. कॅन्ससची लिनेट वुडार्ड त्याआधी, १९७७ ते १९८१ मध्ये, ३,६४९ गुण करून गेली होती. पर्ल मूर नावाच्या मुलीने त्याच सुमारास लहान कॉलेजांतून खेळून ४,०६१ गुण केले होते. दोघींचे गुण वेगळ्या संस्थेच्या वहीत होते, म्हणून अधिकृत यादीत त्यांची नावंच नव्हती. क्लार्क एकेक विक्रम मोडत निघाली तेव्हा कुठे लोकांना या दोघींची आठवण झाली. आणि असिस्टच्या यादीत सगळ्यांत वर आहे ती पेन स्टेटची सूझी मॅकॉनेल. १९८४ ते १९८८ मध्ये १,३०७ असिस्ट, म्हणजे हर्लीपेक्षाही दोनशेहून जास्त. साडेपाच फुटांच्या आतली ही मुलगी १९८८ मध्येच सोल ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन आली. तरी पारावरच्या वादात तिचं नाव सहसा निघत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात कबड्डीपटूची वाट कॉलेजातून जाते, पण तिथे थांबत नाही. विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा, जिल्हा, राज्य. आणि मग खरी ओढ नोकरीची. बँक, रेल्वे, पोलीस, तेल कंपनी यांच्या संघात जागा मिळाली की घरचं भागतं. महाड-पोलादपूरच्या कित्येक घरांतली माणसं गिरणगावात गेली आणि तिथल्या व्यायामशाळांच्या अंगणात खेळली, ती याच आशेने. स्थानिक गट आणि व्यावसायिक गट ही स्पर्धांची विभागणीसुद्धा त्यातूनच आलेली आहे. त्या पिढ्यांच्या चढाया कोणी मोजल्या नाहीत. पाहणाऱ्यांच्या बोलण्यात त्या आहेत, कागदावर नाहीत.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि प्रत्येक चढाईचा हिशेब सुरू झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात, २०१८ साली, यू मुंबाकडून उतरला. लिलावात त्याची किंमत ३६.४ लाख रुपये होती. त्याने त्या हंगामात चढाईचे २१८ गुण केले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले आणि त्याने २१७ गुण केले. दोन हंगाम, एका गुणाचा फरक! पण पहिल्या हंगामात यू मुंबा बाद फेरीत पोचली, दुसऱ्यात टायटन्स तळाजवळ राहिले. खेळाडू तोच, गुण तेवढेच, मग बदललं काय? टायटन्समध्ये तो ज्यांना जिवंत करत होता, ते टिकत नव्हते. पुढे खांद्याच्या दुखापतीने आठवा हंगाम सुरुवातीलाच गेला. त्याच्या ताकदीच्या चढाया पाहिलेल्या माणसाला त्या दोन हंगामांसाठी तरी त्याला पहिल्या रांगेत बसवावंच लागेल.

रिशांक देवाडिगा मुंबईचा. यू मुंबात अनुप कुमारच्या हाताखाली तो घडला आणि दुसऱ्या हंगामाच्या विजेत्या संघात होता. पाचव्या हंगामात यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध त्याने एका सामन्यात २८ गुण घेतले, तो तेव्हाचा विक्रम. त्याच हंगामात आधी रोहित कुमारने ३२ आणि मग परदीप नरवालने ३४ गुण घेऊन तो मागे टाकला. म्हणून मी रिशांकचं मोठेपण त्या २८ मध्ये शोधत नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणलं, तिथे शोधतो. आणि सहाव्या हंगामात सिद्धार्थच्या यू मुंबाला बाद फेरीत घरी पाठवलं, तो यूपीचा कर्णधारही रिशांकच होता.

आणि अस्लम इनामदार, नगर जिल्ह्याचा. दहाव्या हंगामात तो पुणेरी पलटणचा कर्णधार होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात सर्वाधिक गुण घेणारे चढाईपटू पावणेतीनशेच्या घरात होते, अस्लमचे चढाईचे गुण दीडशेच्याही आत. तरीही हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू तो ठरला. हे वाचून आमच्याकडची पोरं चक्रावतात. पण पलटणचे सामने पुन्हा लावून बघा. मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चढाईला जाणारे एकापेक्षा एक. कोणाला कधी पाठवायचं, कधी दोन चढाया रिकाम्या घालवून तिसरी ‘करो या मरो’ची कोणाच्या गळ्यात टाकायची, याचा अंदाज घेत अस्लम खेळत होता. शिवाय पकडीतही हात घालायचा. अंतिम सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणले ते पंकज मोहितेने. कर्णधार म्हणून अस्लमने हेच उभं केलं होतं, की सामना कोणीही जिंकून देऊ शकेल. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघातही तो होता. माझा कौल विचाराल तर या तिघांत पॉइंट गार्डच्या सर्वात जवळचा अस्लम, आणि म्हणूनच तो पहिला.

या वादात अभिलाषा म्हात्रेचं नाव कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण तिच्याकडे आहे, २०१५ चा अर्जुन पुरस्कार आहे. पण मुलींसाठी प्रो कबड्डीसारखी लीग कुठे आहे? २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामासोबत तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, त्यातल्या एका संघाची कर्णधार अभिलाषा होती, आणि तो प्रयोग तिथेच थांबला. वुडार्ड आणि मूर यांचे आकडे निदान दुसऱ्या वहीत होते. आपल्या मुलींच्या बहुतेक चढायांना वहीच मिळालेली नाही.

म्हणून आमच्या भागात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझं एक मागणं आहे. गुणलेखकाच्या टेबलावर एक जादा कागद ठेवा. चढाईपटूने गुण आणला की तो बोनसचा की गडी मारून, त्या वेळी आपले किती गडी बाहेर होते आणि कोण आत आला, एवढं लिहा. एक कॉलेजकुमार बसवला तर सहज होईल, आणि मुलींच्या सामन्यांनाही तो बसवा. दोन-तीन मोसम अशा नोंदी साठल्या की पुढच्या दिवाळीतल्या वादाला निदान पुरेसा मालमसाला मिळेल.