डॉक्टरांचीही शाळा सुटत नाही

परवा एक आजोबा तणतणतच दवाखान्यात आले. सुनेला दाखवायला ते गावातल्या नव्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. "अहो डॉक्टर, आम्ही बाहेर ताटकळतोय आणि बाई आत कानाला यंत्र लावून संगणकावर सिनेमा बघतायत!"

मी त्यांना बसवले. बाई सिनेमा पाहत नव्हत्या, शिकत होत्या.

वाचकहो, तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे शिक्षण पुरे झालेला माणूस, अशी आपली समजूत असते. एम. डी. होईपर्यंत हे तरुण मोठ्या रुग्णालयात असतात. अडले की विचारायला वरिष्ठ असतात. तालुक्याच्या गावी आले की रात्री दोन वाजता विचारायला कोणी नसते. पुस्तके मात्र जुनी होत जातात.

बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचेच पाहा. २०१७ साली सुमारे वीस हजार स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसले. पुढे २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांच्या अभ्यासाने आणखी एक धडा दिला. रक्त किती गेले याचा नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी भरतो. म्हणून मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावायची आणि ठरावीक खूण ओलांडताच गर्भाशयाला मालीश, औषधे, सलाईन व तपासणी हे सारे एकदमच सुरू करायचे. एकेक उपाय करून वाट पाहायची नाही. एवढ्याने गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. २०१६ साली परीक्षा दिलेल्या डॉक्टरला यातले काही वर्गात शिकायला मिळाले नसणार.

गेल्या पावसाळ्यात मी पाठवलेल्या एका बाळंतिणीच्या वेळी मी तिथे हजर होतो. रक्त जाऊ लागले. मला वाटले, थोडे थांबून पाहावे. बाईंची नजर मात्र पिशवीवरील खुणेवर होती. त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ती मुलगी बाळ घेऊन घरी गेली. हे कुठे शिकलात, असे मी विचारले. "बुधवारच्या वर्गात," त्या म्हणाल्या.

हे वर्ग आता इंटरनेटवरून भरतात. यातली एक उत्तम पद्धत २००३ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी सुरू केली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण लांबून शहरात येत. त्याऐवजी खेड्यातले डॉक्टर आठवड्यातून एकदा पडद्यावर जमून आपापल्या रुग्णांची माहिती मांडू लागले आणि तज्ज्ञ त्यांना सल्ला देऊ लागले. खेड्यातले उपचारही विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच यशस्वी ठरतात, हे २०११ साली सिद्ध झाले.

आपल्याकडे २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास असे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. पण नुसते तास भरून भागत नाही. व्याख्यान लावून ठेवायचे, स्वतः चहा प्यायचा आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचे, असेही घडते. औषध कंपनीच्या खर्चाने झालेल्या व्याख्यानात कंपनीच्याच औषधाचे गुण ऐकू येतात, तेव्हा तेथे कान उघडे ठेवावे लागतात. टाका घालणे, मूल फिरवणे ही हाताची कामे पडद्यावर पाहून येत नाहीत. ती गुरूजवळ उभे राहूनच शिकावी लागतात.

आपण काय करावे? डॉक्टरांच्या शिकण्याच्या वेळेची पाटी पाहून त्यानुसार जावे. मात्र रक्तस्राव, झटके, धाप असे काही असेल तर बेधडक दार ठोठवावे. वर्ग सोडून येणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. "वरिष्ठांना विचारून सांगतो" असे डॉक्टर म्हणाले, तर त्यांना काही येत नाही असे समजू नये. तुमची माहिती चर्चेत मांडायची असेल तर त्यांनी तुमची परवानगी घ्यावी आणि नाव गुप्त ठेवावे. तसे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आजोबांनी सारे ऐकून घेतले. उठताना म्हणाले, "मग सुनेला बुधवार सोडून नेतो."