क्लिअर पांढरं का पडतं?

गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मार्कंड्यापाशी वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या जत्रेला इथं येणाऱ्यांना कोरडी, हलकी हवा भेटते. जुलैत त्याच काठावर धुतलेला पंचा दोन दिवस ओलसर राहतो आणि मे महिन्यात तोच पंचा पिळून टाकल्यावर बघता बघता कडक होतो. विमानाच्या मॉडेलवर शेवटचा पारदर्शक थर, म्हणजे मॉडेल करणाऱ्यांच्या बोलीत ‘क्लिअर’, मारणाऱ्याने बाटलीवरच्या सूचना वाचण्याआधी ही हवा वाचायला हवी. क्लिअर बिघडलं की सगळे कंपनीला नावं ठेवतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा दोष हवेचा असतो, आणि उरलेल्यातला बराचसा घाईचा.

उदाहरणाला मिग-21 घेऊ. नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 मध्ये याच विमानासाठी उभा राहिला आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला हवाई दलाने या विमानाला निरोप दिला. मराठी मुलाने टेबलावर जोडायला घ्यावं असं याहून जवळचं लढाऊ विमान नाही. 1:72 प्रमाणात ते वीतभर भरतं. प्लॅस्टिकचे भाग चिकटवले, रंग दिला, आता राहिलं क्लिअर. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर, खिडकी उघडी ठेवून, लॅकर क्लिअरचा फवारा मारला. पाच मिनिटांत पंखांवर दुधाळ झाक आली.

ही झाक म्हणजे पाणी. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे ओला थर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू साधारण 26 अंशांवर असतो. म्हणजे थर नुसता दोन अंशांनी थंड झाला तरी त्यावर दव धरतं. तेच तापमान आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर दवबिंदू 17 अंशांच्या आसपास उतरतो आणि अकरा अंशांची मोकळीक मिळते. आत शिरलेल्या पाण्यामुळे लॅकरमधली राळ द्रावणातून फुटून बाहेर पडते, पाणी निघून गेल्यावर तिथे बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरतो. डोळ्याला दिसतं ते फक्त पांढरं.

उपाय सोपा, पण धीराचा. वरून आणखी क्लिअर मारून झाक दडत नाही, उलट पाणी कोंडलं जातं. कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि सावकाश उडणारा थिनर, ज्याला दुकानात रिटार्डर म्हणतात, त्याचा अगदी धुक्यासारखा हात फिरवावा. थर पुन्हा किंचित विरघळतो, पोकळ्या मिटतात, पंख स्वच्छ होतो. पुढच्या थरातही थोडा रिटार्डर मिसळला तर उडण्याचा वेग कमी होतो आणि थंडावाही कमी.

पण पांढरं दिसलं म्हणजे पाणीच, असं नाही. मॅट क्लिअरमध्ये चमक घालवण्यासाठी सिलिकाची अतिबारीक पूड घातलेली असते. ती तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर वरचं पातळ आधी संपतं, मग गाळातली पूड एकदम अंगावर येते आणि गडद हिरव्या रंगावर पिठाची धूळ उडाल्यासारखी दिसते. इथे एक चाचणी कामाची आहे. पांढऱ्या डागावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा. डाग थेंबाखाली नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष वरच्या खडबडीत पृष्ठभागात आहे. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे 1.46, राळेचा 1.5, पाण्याचा 1.33 आणि हवेचा 1. राळ आणि सिलिका एकमेकींत जवळपास दिसेनाशा होतात. प्रकाश विस्कटतो तो खळग्यांमधल्या हवेमुळे, आणि पाण्याने खळगे भरले की विस्कटणं घटतं. अशा डागावर ग्लॉस क्लिअरचा पातळ थर देऊन मग नीट ढवळलेलं मॅट पुन्हा मारावं. थेंबाखालीही डाग तसाच राहिला तर रोग थराच्या आत आहे, आणि रिटार्डरकडे वळावं.

तिसरं पांढरं चिन्हांच्या खाली असतं. हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ आणि शेपटीवरचा क्रमांक पाण्यात भिजवून लावायच्या डिकलवर छापलेले असतात. मॅट रंगाच्या खडबडीत अंगावर ती पातळ फिल्म टेकली की खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी पापुद्रा दिसतो. म्हणून आधी ग्लॉस, मग डिकल, मग मॅट हा क्रम आहे, त्यात कुणाची लहर नाही. चुकून पापुद्रा आलाच तर बारीक सुईने टोचून डिकल मऊ करणारं द्रावण सोडावं, फिल्म खाली बसते.

मे महिन्यात गोष्ट उलटी होते. चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या देशाला ठाऊक आहे. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 14 अंशांजवळ असतो, त्यामुळे दवाची भीती उरत नाही. मात्र एअरब्रशमधून निघालेला थेंब विमानापर्यंत पोहोचेस्तोवर अर्धा वाळतो, अंगावर पसरत नाही, आणि बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. किंचित कमी वाळलेले थेंब संत्र्याच्या सालीसारखे खळगे करतात. दुपार टाळून पहाटे काम करावं, थिनर वाढवावा, नोझल जरा जवळ आणावं. वाळलेली खरखर 2000 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून निघते.

घासायला थर जाड हवा म्हणून भरमसाट क्लिअर मारणाऱ्यांसाठी एक हिशेब. 50 मायक्रॉनचा थर म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. 72 ने गुणा: खऱ्या विमानावर तो 3.6 मिलिमीटर जाडीचा लेप ठरेल. पत्र्यांच्या जोडरेषा त्याखाली बुजतात आणि लढाऊ विमान काचेच्या खेळण्यासारखं दिसतं.

गडचिरोलीच्या जंगलातही एक पारदर्शक लेप पिकतो. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ स्रवतात; पळसावरचं पीक रंगिनी, कुसुमावरचं कुसमी. तीच राळ शुद्ध करून चपडा होतो आणि स्पिरिटमध्ये विरघळवला की सुतारांचं पॉलिश. रांचीला 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. या पॉलिशचे आजार मॉडेलच्या लॅकरशी सख्खं नातं सांगतात. पावसाळ्यात ते पांढरटतं, आणि गरम चहाच्या कपाखाली टेबलावर उमटणारं पांढरं कडंही थरात शिरलेल्या ओलाव्याचंच असतं. जुनं द्रावण मात्र वेगळ्या कारणाने दगा देतं: लाखेतली आम्लं स्पिरिटशी हळूहळू संयोग पावतात आणि लेप कित्येक दिवस चिकट राहतो. बाल्सा लाकडाच्या ग्लायडरला चपडा झकास शोभतो. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर तो पिवळसर छटा आणतो, आणि त्यातलं स्पिरिट खालचा ॲक्रिलिक रंग उचलतं, म्हणून तिथे नको.

एक थर दुसऱ्याला उचलतो, हा तर अर्धा विषय आहे. इनॅमलवर कडक लॅकर मारलं की खालचा रंग फुगून सुरकुततो. उलट दिशेने चालतं. थिनर जास्त जहाल असेल तर कॉकपिटच्या पारदर्शक छतावर केसाएवढ्या भेगा पडतात, त्या कशानेच भरत नाहीत. मासोळीच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडले तर तेल शोधा. डोक्याचं खोबरेल बोटाला लागलेलं असतं, तेलाचा पृष्ठताण कमी असल्याने क्लिअर तिथून मागे सरतं. साबणाच्या पाण्याने धुवा, हातमोजे घाला.

मार्कंड्याच्या देवळावरच्या दगडी शिल्पांवरही असंच क्लिअर का मारत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडू शकतो. दगडाला जमिनीतून ओल चढते. बाहेरून फिल्म बसली की ती ओल आणि तिच्यातले क्षार आतच अडकतात, स्फटिक बनतात आणि फिल्मसकट कोरीव कामाचा पापुद्रा सुटतो. प्लॅस्टिकला आतून ओल येत नाही, म्हणून तिथे चालतं.

विमान आणि लॅकरची जुनी गाठही रंजक आहे. पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमानं कापडाने मढवलेली होती. कापड ताणून घट्ट करण्यासाठी त्यावर सेल्युलोजचं ‘डोप’ लावत, आणि ते दमट हवेत पांढरं पडू नये म्हणून कारखान्यात खोल्या उबदार ठेवत. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकणाऱ्या कॅडेटला बाल्साच्या सांगाड्यावर कागद ताणताना आजही हाच शब्द ऐकू येतो. त्या काळातल्या एका प्रकारच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन होतं. इंग्लंडमधल्या कामगारांना त्याने कावीळ झाली, काही जण दगावले.

म्हणून शेवटी दोनच गोष्टी सांगतो. दुकानदार टिकाऊ म्हणून गाडीचं दोन भागांचं क्लिअर पुढे करेल. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते दम्याला निमंत्रण देतं आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. घरात ते मारू नका, मुलांना तर हातच लावू देऊ नका. आणि पाऊस चालू असताना जोडणी, घासणी, रंग उरकून घ्या, भिंतीवर एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगा, तो साठच्या खाली उतरला की क्लिअरची बाटली उघडा. वैनगंगेच्या काठी तो दिवाळीच्या आसपास उतरतो.